उत्तर आलें, पण कोणाचें?

पत्र टपालांत टाकल्यावर तें पोंचलें कीं नाहीं, हें उलट उत्तर येईपर्यंत कळत नाहीं. यंत्रांनाहि हाच नियम लागू आहे. शेजारच्या यंत्राशीं तार जुळली म्हणजे जगाशीं संबंध जुळलाच, असें नव्हे.

१९८३ च्या डिसेंबरांत अमेरिकन लष्कराच्या एका प्रयोगशाळेंतील माइक म्यूस यांनीं ‘पिंग’ नांवाचें साधन रचलें. पाणबुडी शोधण्यासाठीं ध्वनि सोडून प्रतिध्वनीची वाट पाहतात. त्या नादावरून हें नांव पडलें. पुढें हॉटेलांत व स्थानकांवर वायफाय आलें आणि निराळीच अडचण उभी राहिली. कांहींहि मागितलें तरी हातीं येई तें दाराशींचें प्रवेशपत्रक. उत्तर आलें खरें, पण द्वारपालाचें!

तेव्हां उत्तर आधींच ठरवून ठेवण्याची युक्ति निघाली. २००७ सालीं सर्वत्र विक्रीस आलेली विंडोज व्हिस्टा मायक्रोसॉफ्टच्या ठराविक ठिकाणाहून एक चिमुकली फाइल मागवी. तींत ‘मायक्रोसॉफ्ट एनसीएसआय’ एवढींच अक्षरें असत. ॲपलचीं यंत्रें ‘सक्सेस’ हा शब्द पाहतात. अँड्रॉइडला २०४ हा अंक, म्हणजे ‘मजकूर कांहीं नाहीं’ असें रितें उत्तर, अपेक्षित असतें. भलतेंच उत्तर आलें, तर वाटेंत कोणी उभा आहे असें समजावें.

परंतु यांत एक गोम आहे. तें ठराविक ठिकाणच बंद पडलें किंवा अडविलें गेलें, तर बाकीचें जग खुलें असूनहि यंत्र ‘इंटरनेट नाहीं’ असें सांगूं शकतें. शिवाय ही पृच्छा ज्याच्याकडे जाते, त्याला आपल्या जोडणीचा पत्ताहि कळतो. म्हणून साक्ष कोणाची काढावी, हा प्रश्न केवळ यंत्राचा नव्हे, आपलाहि आहे.