धरमशाला चित्रपट महोत्सव : पर्वतराजीतील स्वतंत्र पडदा

हिमाचल प्रदेशातील कांगडा जिल्ह्यात, धौलाधार पर्वतरांगेच्या कुशीत वसलेले धरमशाला जगाला परिचित आहे ते दलाई लामांच्या वास्तव्यामुळे. याच गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या मॅक्लोडगंज येथे नोव्हेंबर २०१२ मध्ये 'धरमशाला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवा'चा प्रारंभ झाला. देशातील स्वतंत्र चित्रपटांच्या महत्त्वाच्या व्यासपीठांत आज त्याची गणना होते.

दोन दिग्दर्शकांचा उपक्रम

रितू सरिन आणि तेनझिंग सोनम हे चित्रपटकार दाम्पत्य या महोत्सवाचे संस्थापक होय. सरिन मूळच्या दिल्लीच्या, तर सोनम यांचा जन्म दार्जिलिंगमधील तिबेटी निर्वासित कुटुंबातला. तिबेटी जनतेचे विस्थापन हा दोघांच्या चित्रपटांचा प्रमुख विषय राहिला आहे. 'द शॅडो सर्कस' (१९९८) या माहितीपटात तिबेटी सशस्त्र प्रतिकाराचा आणि त्यामागील अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्या सहभागाचा मागोवा आहे. 'ड्रीमिंग ल्हासा' (२००५) या कथापटाची पार्श्वभूमी धरमशालाचीच आहे. 'द स्वीट रेक्विम' (२०१८) मध्ये हिमालय ओलांडून भारतात आलेल्या तिबेटी तरुणीची कहाणी येते.

शासकीय महोत्सवांहून वेगळा

गोव्यात २००४ पासून भरणारा 'इफ्फी' केंद्र सरकारच्या, तर केरळचा महोत्सव तेथील राज्य शासनाच्या अकादमीच्या आधारावर उभा आहे. धरमशाला येथे तसे पाठबळ नाही. देणग्या, प्रायोजक, प्रतिनिधी शुल्क आणि स्वयंसेवकांचे श्रम यांवर सारा डोलारा उभा राहतो. येथे स्पर्धा नाही. चित्रपट पाहणे आणि त्यानंतर दिग्दर्शकाशी मोकळा संवाद साधणे, एवढेच प्रयोजन. प्रेक्षागृहांचीही वानवा असल्याने तिबेटी नृत्य-नाट्य संस्था, तिबेटी मुलांची शाळा अशा वास्तूंतच पडदे लावले जातात. फुगवून उभारता येणाऱ्या फिरत्या चित्रपटगृहांचाही अवलंब करण्यात आला आहे.

प्रमाणपत्र नसलेले चित्रपट महोत्सवात दाखवायचे असल्यास माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळवावी लागते. नोंदणीकृत प्रतिनिधींपुरतेच प्रदर्शन ही त्यातील महत्त्वाची अट. त्यामुळे अशा महोत्सवांत नेहमीच्या तिकीटविक्रीऐवजी प्रतिनिधी-नोंदणीची पद्धत रूढ आहे.

स्थानिक चित्रकर्मी

हिमाचलात चित्रीकरणासाठी येणाऱ्या मुंबईच्या चमूंची परंपरा जुनी आहे. परंतु त्यांना हवी असतात ती बर्फाच्छादित शिखरे, तेथील माणसांच्या कथा नव्हेत. ही उणीव भरून काढण्यासाठी महोत्सवाने नवोदित दिग्दर्शकांसाठी शिष्यवृत्ती उपक्रम हाती घेतला. प्रारंभी तो हिमाचलातील तरुणांपुरता होता. पुढे त्याची व्याप्ती अन्य हिमालयीन प्रदेशांपर्यंत वाढली. निवडलेल्या तरुणांना महोत्सवात अनुभवी चित्रपटकारांचे मार्गदर्शन लाभते.

पंजाबी चित्रपटांनी नाव मिळवलेले गुरविंदर सिंग याच जिल्ह्यातील बीड परिसरात स्थायिक झाले. 'खनौर' (२०१९) हा त्यांचा चित्रपट तेथील एका खेड्यात, गावकऱ्यांनाच कलाकार म्हणून घेऊन तयार झाला. रोजगारासाठी शहरात जावे की गावातच राहावे, हा त्यातील तरुणापुढचा पेच डोंगराळ भागातील घराघरांतला आहे. चित्रपट करू इच्छिणाऱ्या तरुणांनाही तो चुकलेला नाही. प्रशिक्षण, निर्माते आणि वितरक ही सारी व्यवस्था प्रामुख्याने महानगरांत एकवटलेली आहे.

टिकून राहण्याचा प्रश्न

करोनाच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी महोत्सव इंटरनेटवर भरवावा लागला. दूरच्या प्रेक्षकांची त्यामुळे सोय झाली. मात्र दिग्दर्शक आणि प्रेक्षक यांची प्रत्यक्ष गाठभेट, जी या उपक्रमाचा प्राण आहे, ती खंडित झाली. २०२२ मध्ये महोत्सव पुन्हा डोंगरावर परतला.

अनेक स्वतंत्र चित्रपटांना चित्रपटगृहे मिळत नाहीत आणि मिळालीच तर आठवडाभरही टिकत नाहीत. अशा वेळी छोट्या गावातील हा पडदाच त्यांचा पहिला, कधी कधी एकमेव प्रेक्षक मिळवून देतो. दरवर्षी नव्याने निधी उभारावा लागत असल्याने हे कार्य किती काळ चालेल, हा प्रश्न मात्र कायम आहे.