करमुक्त उत्पन्न : सवलतीइतकीच अटही महत्त्वाची

हाती येणारा प्रत्येक रुपया करपात्र असतोच असे नाही. काही उत्पन्ने प्राप्तिकर कायद्यानेच एकूण उत्पन्नातून वगळली आहेत. १९६१ च्या कायद्यात ती प्रामुख्याने कलम १० मध्ये होती. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या २०२५ च्या कायद्यात त्यांना अनुसूचींमध्ये स्थान मिळाले. मात्र बहुतेक सवलतींना अट जोडलेली असते आणि करदाते फसतात ते तिथेच.

शेती : भारतातील शेतजमिनीचे पीक आणि तिचा खंड करमुक्त आहे. दुग्धव्यवसाय वा कुक्कुटपालन यांचा त्यात समावेश नाही. शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक आणि इतर उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेपलीकडे असल्यास, कराचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्न हिशेबात धरले जाते.

निवृत्तीची रक्कम : खासगी नोकरदारांना ग्रॅच्युइटीवर कमाल २० लाख, तर निवृत्तीवेळी मिळणाऱ्या शिल्लक रजेच्या पैशांवर कमाल २५ लाख रुपयांपर्यंत सूट आहे. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे व्याज पूर्णतः करमुक्त आहे. नोकरदारांच्या भविष्य निर्वाह निधीत मात्र स्वतःची वर्गणी वर्षाला अडीच लाखांपेक्षा अधिक असल्यास, वरच्या वर्गणीवरील व्याज २०२१-२२ पासून करपात्र ठरले.

विमा : विमाधारकाच्या मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणाऱ्या आयुर्विम्याच्या रकमेवर कर नाही. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या, युलिप वगळता अन्य पॉलिसींचा एकत्रित वार्षिक हप्ता पाच लाखांपेक्षा अधिक असेल, तर मुदतपूर्तीच्या रकमेला ही सवलत सरसकट मिळत नाही.

भेट : विवाहप्रसंगी वधूवरांना मिळालेल्या भेटी आणि वारसाहक्काची संपत्ती करमुक्त आहे. एरवी वर्षभरात मिळालेली रोख भेट ५०,००० रुपयांहून अधिक झाल्यास संपूर्ण रक्कम करपात्र ठरते. कायद्यातील नातेवाइकांना ही मर्यादा नाही. पण नात्याची व्याख्या एकतर्फी आहे. काकांनी पुतण्याला दिलेली रक्कम करमुक्त, तर पुतण्याने काकांना दिलेली करपात्र!

नियम कालांतराने बदलतात, हेही ध्यानात ठेवावे. भागधारकांना ३१ मार्च २०२० पर्यंत बव्हंशी करमुक्त असलेला लाभांश त्यानंतर करपात्र झाला. तसेच नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंत कर भरावा लागत नाही, तो करातील सवलतीमुळे. ते उत्पन्न करमुक्त नव्हे. म्हणूनच करमुक्त उत्पन्नही विवरणपत्रात दाखवावे आणि त्याचे कागद जपून ठेवावेत.