पेंटाग्रामचा पहिला अल्बम
वी आर नॉट लिसनिंग (१९९६) : मुंबईच्या ‘पेंटाग्राम’ या रॉक बँडचा पहिला स्टुडिओ अल्बम. बँड जमला १९९४मध्ये. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ‘निर्व्हाना’ या अमेरिकी बँडचा गायक कर्ट कोबेन गेला आणि ग्रंज या खरखरत्या रॉक शैलीची लाट ओसरू लागली. त्याच्या निर्व्हानातला ड्रमर डेव्ह ग्रोल याने ‘फू फायटर्स’ या नावाने आणलेला पहिला अल्बम (१९९५) हा ग्रंजनंतर आलेल्या, पोस्ट-ग्रंज म्हटल्या जाणाऱ्या शैलीचा ठळक नमुना. पेंटाग्रामला पोस्ट-ग्रंज ही पाटी पुरती लागू पडत नाही. खरखरती गिटार आणि गायक विशाल दादलानीचा घसा ताणून गायलेला स्वर मात्र त्याच भावकीतला. भारतातल्या बँडमध्ये परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवण्याचा रिवाज असताना पेंटाग्रामने स्वतःची इंग्रजी गाणी आणली. पुढच्या ‘अप’ (२००२) या अल्बममध्ये बँड इलेक्ट्रॉनिक ध्वनींकडे झुकला. चित्रपटसंगीतातल्या विशाल-शेखर जोडीतला विशाल तो हाच.