संगणकांची घड्याळजुळणी

संगणकाच्या पोटात क्वार्ट्झचा एक लहानसा स्फटिक असतो व त्याच्या कंपनांवर यंत्राचे घड्याळ चालते. परंतु हवेतील उष्णता कमीअधिक झाली की त्या कंपनांची गती किंचित बदलते, आणि दिवसाकाठी सेकंदभराचा फरक सहज पडतो. माणसाला त्याचे काय! मात्र एकाच खात्यावरील दोन व्यवहारांपैकी आधीचा कोणता, हे दोन दूरच्या यंत्रांना ठरवावयाचे असले, म्हणजे सेकंद हा फार दीर्घ काळ होतो.

मग दुसऱ्या विश्वासू घड्याळाला वेळ विचारावी, हे ओघानेच आले. अडचण अशी की, "दहा वाजले" हे उत्तर तारेतून येऊन पोहोचेतो दहा वाजून गेलेले असतात. वाटेत किती काळ गेला, हे कळावे कसे?

अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड मिल्स यांनी यावर तोड काढली. 1985 साली त्यांची पद्धत प्रसिद्ध झाली. प्रश्न निघाल्यापासून उत्तर परत येईपर्यंत 80 सहस्रांश सेकंद लागले आणि त्यांतील 20 उत्तर देणाऱ्या यंत्रापाशी गेले, असे समजू. उरले 60, म्हणजे येतानाचे 30. तेवढे मिळालेल्या वेळेत मिळवावयाचे. यात एक गृहीत मात्र आहे: जाण्याची व येण्याची वाट सारख्याच वेळाची असावी. ती तशी नसेल, तर फरकाच्या निम्मी चूक राहते, आणि केवळ या निरोपांवरून ती ओळखता येत नाही. म्हणून मिल्स यांनी अनेक घड्याळांना विचारून, इतरांशी न जुळणाऱ्यास वगळण्याची व्यवस्था केली. थोडी चूक आढळली तर घड्याळाला झटका द्यावयाचा नाही. त्याची चाल जराशी मंद वा जलद करावयाची. अनुभवी घड्याळजीही असेच करतो.

या साखळीच्या मुळाशी अणुघड्याळे असतात. भारताची प्रमाणवेळ राखणारी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा याच पद्धतीने संगणकांना वेळ पुरविते.

मिल्स यांना जन्मतःच काचबिंदू होता. बालपणीच्या शस्त्रक्रियेने डाव्या डोळ्याची काही दृष्टी वाचली. उतारवयात तीही गेली. तरीही त्यांनी हे काम सोडले नाही. 17 जानेवारी 2024 रोजी, वयाच्या 85व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.