वर्धेच्या हिंदी विद्यापीठाच्या कुलगुरू प्रा. कुमुद शर्मा : वाटचाल आणि आपल्या अपेक्षा

वर्धेचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय हे महाराष्ट्रातील एकमेव केंद्रीय विद्यापीठ. 2025 मध्ये प्रा. कुमुद शर्मा यांची येथे कुलगुरू म्हणून नियुक्ती झाली. या पदावर नियमित नियुक्ती मिळालेल्या त्या पहिल्या महिला आहेत. 2023 नंतर काही काळ विद्यापीठाचा कारभार प्रभारींकडे होता.

वाटचाल : प्रा. शर्मा दिल्ली विद्यापीठात हिंदीच्या प्राध्यापक आणि विभागप्रमुख होत्या. साहित्याबरोबरच माध्यमे, जाहिरात आणि स्त्रीप्रश्न हे त्यांच्या लेखनाचे विषय. 2023 मध्ये त्या साहित्य अकादमीच्या उपाध्यक्षपदी निवडून आल्या.

विद्यापीठ : 1975 मध्ये नागपूरला पहिले विश्व हिंदी संमेलन झाले, तेथे या विद्यापीठाची कल्पना पुढे आली. संसदेच्या कायद्याने ते 1997 मध्ये स्थापन झाले. पहिले कुलगुरू कवी अशोक वाजपेयी. हिंदीसोबत भारतीय भाषांचा तुलनात्मक अभ्यास हे कायद्यातच नोंदलेले उद्दिष्ट आहे. हिंदीत ज्याला 'कुलपति' म्हणतात तो आपला कुलगुरू, हे कागदपत्रे वाचताना ध्यानात ठेवावे.

आपला संबंध : येथील बौद्ध अध्ययन केंद्राला भदंत आनंद कौसल्यायन यांचे नाव आहे. भदंतजींनी वर्धेतच राष्ट्रभाषा प्रचार समितीचे काम पाहिले, जातककथा हिंदीत आणल्या आणि बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचा हिंदी अनुवाद केला. उत्तर भारतातील हिंदी वाचकांपर्यंत बाबासाहेबांचा धम्म पोहोचला, त्यात या भिक्खूच्या लेखणीचा वाटा मोठा आहे. दलित आणि आदिवासी अध्ययनाचे केंद्रही याच आवारात आहे.

कुलगुरूंच्या हाती काय : केंद्रीय विद्यापीठात कुलगुरूंची नियुक्ती राष्ट्रपती करतात. पदभरती, संशोधनाच्या जागा, वसतिगृहे या सगळ्यांवर कुलगुरूंचा शब्द वजनदार असतो. शिक्षकभरतीत विभाग हे एकक धरून आरक्षित जागा घटत होत्या. देशभर आंदोलन झाले, तेव्हा 2019 च्या कायद्याने संपूर्ण संस्था हे एकक ठरले. अनुसूचित जातींना 15, जमातींना 7.5 आणि ओबीसींना 27 टक्के जागा त्यातून मिळायला हव्यात.

म्हणून कुलगुरूंचे मूल्यमापन सत्काराच्या हारांवर करू नये. वर्धा, हिंगणघाट, आर्वीच्या तरुणांनी तीन प्रश्न घेऊन जावे : बौद्ध अध्ययनात कायम शिक्षक किती? राखीव जागांचा अनुशेष किती? खेड्यातून आलेल्या मुलीला वसतिगृह मिळते का? माहितीच्या अधिकारात 10 रुपयांत अर्ज करता येतो. स्त्रीप्रश्नावर लिहिणाऱ्या कुलगुरूंकडून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी मिळावे, ही अपेक्षा रास्तच आहे.

जय भीम.