दहा रुपयांचे बापू

मागच्या वीकेंडला अकोल्याला गेलो होतो. आल्यापासून डोक्यात एकच विषय आहे, म्हणून लिहून टाकतोय. नाहीतर सोमवारी कोडमध्ये बग यायचे :)

तर मंडळी, आमच्या घरी पोस्टाच्या तिकिटांचा एक अल्बम आहे. सुरू केला आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी. ते अकोल्यात एका जिनिंगमध्ये कारकून होते. मग बाबांना तो नाद लागला, मग मला. आम्ही राहायचो अमरावतीला. सुट्टी लागली की बडनेऱ्याहून गाडी धरून अकोला गाठायचं, आणि दुपारी जेवणं झाली की खाटेवर अल्बम पसरायचा. आबा गोष्ट सांगणार, बाबा चिमट्याने तिकीट उचलणार आणि मी भिंगातून बघणार. ठरलेलं काम.

त्या अल्बमात एक पान होतं चार चौकटींचं. आबांनी स्वतः पट्टी धरून आखलेलं. तीन चौकटी भरलेल्या, चौथी रिकामी.

हे पान होतं १५ ऑगस्ट १९४८ चं. स्वातंत्र्याला एक वर्ष झालं, त्या दिवशी सरकारने गांधीजींची चार तिकिटं काढली. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. स्वतंत्र भारताची तिकिटं याआधीही निघाली होती. पहिलं २१ नोव्हेंबर १९४७ चं, तिरंगा आणि 'जय हिंद' असलेलं. पण भारतीय तिकिटावर भारतीय माणसाचा चेहरा पहिल्यांदा आला तो याच संचात. त्याआधी वर्षानुवर्षं इंग्लंडचे राजे-राणीच. आणि नाव काय छापलं? नुसतं 'बापू'. देवनागरीत आणि उर्दूत.

गंमत म्हणजे स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या माणसाची ही तिकिटं छापली गेली स्वित्झर्लंडमध्ये, कुर्व्हाझिए नावाच्या छापखान्यात! आपल्याकडे नाशिकचा छापखाना होताच, पण फोटोग्रॅव्ह्यूर पद्धतीची तिकिटं तिथून निघायला १९५२ उजाडलं. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर हा तो संतकवींचा संच.

वऱ्हाडच्या माणसाला यात अजून एक गोष्ट दिसते. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, पण कागदावर तो त्याचाच राहिला. अगदी १९३६ च्या करारानंतरसुद्धा निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणत. प्रत्यक्षात आपण मध्यप्रांतात होतो, त्यामुळे अकोल्याच्या पोस्टात भारताची तिकिटं मिळायची. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं. तिथून पैनगंगा ओलांडून हिंगोलीकडे गेलं की निजामाचं राज्य. त्याचं टपालखातं वेगळं, तिकिटं वेगळी. एक आण्याच्या तिकिटावर चारमिनार. म्हणजे १५ ऑगस्ट १९४८ ला नदीच्या अलीकडे बापू विकले जात होते आणि पलीकडे अजून स्वातंत्र्यच यायचं होतं! पोलीस ॲक्शन झाली त्यानंतर महिन्याभराने, १३ ते १७ सप्टेंबरला. आबा हे सांगताना दरवेळी बोटाने खाटेवर नदी काढायचे.

आता त्या रिकाम्या चौकटीकडे येऊ. जरा गणित करू या, सवयच आहे आपल्याला. रुपयाचे आणे सोळा. पहिल्या तीन तिकिटांची बेरीज सतरा आणे, म्हणजे एक रुपया एक आणा. चौथं एकटंच १६० आणे. देशातल्या देशात साधं पत्र तेव्हा दीड आण्यात जायचं, म्हणजे त्या एका तिकिटाच्या पैशात शंभरावर पत्रं झाली असती. बाविशीतल्या कारकुनाने ते कशाला घ्यावं? आबा सांगायचे, "पोस्टात काचेमागून पाहून आलो होतो."

बहुतेकांचं असंच झालं असणार, म्हणून आज तेच तिकीट महाग. याच तिकिटाच्या फक्त १०० प्रतींवर 'सर्व्हिस' असा शिक्का छापून त्या गव्हर्नर जनरलच्या कचेरीला दिल्या होत्या. त्यातल्या चार तिकिटांची एक पट्टी २०१७ मध्ये इंग्लंडमध्ये ५ लाख पौंडांना गेली. असो, तो आपला प्रांत नव्हे.

मी सहावीत असताना बाबांनी नागपूरच्या एका प्रदर्शनात एका विक्रेत्याकडून साधं दहा रुपयांचं तिकीट आणलं. आईला किंमत बरेच दिवस सांगितली नव्हती. ते चौथ्या चौकटीत लागलं. आबांनी भिंग लावून खूप वेळ पाहिलं आणि म्हणाले, "झालं बुवा पुरं." पुढे आबा गेले.

परवा मी हौसेने सगळा अल्बम स्कॅन करायला घेतला. पहिली तीन तिकिटं मोठी करून पाहिली, रंग कसा सायीसारखा पसरलेला. चौथं मोठं केलं तर ठिपकेच ठिपके, ऑफसेट छपाईत दिसतात तसे. छिद्रं मोजली. खऱ्या संचात दोन सेंटीमीटरला साडेअकरा येतात. इथे हिशेब जुळेना. तिकीट नकली होतं. या तिकिटाच्या नकला पुष्कळ आहेत हे वाचलेलं होतं, पण आपल्या घरात?

सांगावं की नाही, यावर रात्रभर विचार केला. सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. बाबांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग स्वतः भिंग घेऊन पाहिलं. काही बोलले नाहीत. दुपारी पाहतो तर तिकीट शेवटच्या पानावर हलवलं होतं आणि खाली पेन्सिलीने लिहिलं होतं 'नकली', सोबत घेतल्याचं वर्ष.

मी म्हटलं, "बाबा, मी घेतो ना खरं. प्रमाणपत्रासकट मिळतं आता."

"कायले?" बाबा म्हणाले. "तुह्या आबानं तीनच घेतले होते. त्याले जेवढे झेपले तेवढे. मी उगाच चौथं लावलं. राहू दे रिकामं."

मला आधी पटलं नाही. संच म्हटलं की पुरा हवा. पण पुण्याला परतताना गाडीत वाटलं, त्या पानावर नुसता गांधीजींचा संच नाही. १९४८ साली अकोल्याच्या एका कारकुनाला नव्या देशातलं काय परवडत होतं आणि काय काचेमागे राहत होतं, याची नोंद आहे. मी माझ्या पगारातून चौथं तिकीट लावलं तर ती नोंद खोटी होईल. त्या नकली तिकिटाने तेच केलं होतं.

तरी खरं सांगतो, रात्री एकदा साइटवर किंमत बघून आलोच. आबांसारखा, काचेमागून.