दस्ता की ब्रेस? उत्तर इस्लामपुरात

आजचा प्रश्न अमेरिकेतला आहे, पण उत्तरासाठी इस्लामपूरला यायचंय.

बंदूक खांद्याला टेकवतात तो दस्ता. ब्रेस म्हणजे हाताला पट्ट्यानं बांधायचा आधार. 2012 च्या सुमारास तो एका अपंग माजी सैनिकासाठी निघाला, पण खपला वेगळ्याच कारणानं. 1934 च्या कायद्यानं आखूड नळीच्या रायफलीला नोंदणी आणि 200 डॉलर कर लावला होता. दस्त्याऐवजी ब्रेस लावला की तीच बंदूक पिस्तूल ठरायची! 2026 पासून कर शून्य झाला, नोंदणी राहिली. तीही गेली तर? मग बहुतेक जण दस्ताच घेतील. ब्रेसचा खप कायद्यानंच वाढवलेला.

आता आपल्याकडं बघा. 1878 च्या हत्यार कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बंद केली. गोऱ्यांना तेव्हा सूट होती. सप्टेंबर 1942 मध्ये इस्लामपूरच्या कचेरीवर मोर्चा गेला, तेव्हा बंदुका होत्या पोलिसांकडं. गोळीबारात पंड्या आणि बारपटे हुतात्मा झाले. पुढं याच वाळवा तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. त्यांच्या माणसांना दुकानातून बंदूक थोडीच मिळणार? हाती लागेल ते हत्यार घ्यायचं. तिथं दस्ता कसला, हे विचारणं म्हणजे चैनच!

आजही 1959 च्या कायद्यानं परवाना लागतोच. 2019 मध्ये तर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारांची मुभा उरली.

तेव्हा कायदा सैल होणार म्हटलं, की आधी विचारायचं: सैल कुणासाठी?